मालिकांमधली थप्पड आणि नवरा-बायकोतील हिंसाचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी आणि हिंदी दैनंदिन मालिकांवर मी गेली काही वर्षे लिहीत आहे. एखाद्या प्रोमोत नवऱ्याचा हात उगारलेला दिसला, की त्या आठवड्यात येणाऱ्या पत्रांमध्ये ठरावीक प्रश्न हमखास असतात. ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकाच मुद्द्याची दुसरी बाजू अन्यत्र आली असल्यास तेथील प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मालिका म्हणजे शेवटी गोष्टच ना? मग एका थपडेवर एवढी चर्चा कशासाठी?

गोष्ट आहे हे खरेच, पण ती रोज सांगितली जाणारी गोष्ट आहे. चित्रपट आपण ठरवून पाहायला जातो आणि दोन-अडीच तासांनी बाहेर पडतो. मालिका आठवड्यातून पाच-सहा दिवस, ठरलेल्या वेळी, बहुधा रात्रीच्या जेवणाच्या सुमारास घरात येते आणि वर्षानुवर्षे येत राहते. तिच्यातली सून शेजारच्या घरातली असावी इतकी ओळखीची होते, आणि तिच्या घरात जे घडते ते ‘चालायचेच’ या सदरात जमा व्हायला फार वेळ लागत नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले; महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होते. शारीरिक हिंसेच्या प्रकारांपैकी सर्वाधिक स्त्रियांनी सांगितलेला प्रकार थप्पड हाच होता. याचा अर्थ असा, की मालिका लावून बसलेल्या अनेक घरांमध्ये त्या आवाजाचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

२. घरगुती हिंसाचार म्हणजे फक्त मारहाण का? मालिकेतले आणखी काय काय त्यात येते?

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाचा समावेश आहे. मूल होत नाही म्हणून हिणवणे, मुलगाच हवा म्हणून टोचणे, माहेरच्यांचा उद्धार करणे, पगार काढून घेणे, घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे, मारण्याची धमकी देणे हे सारे त्यात येते. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यांतील स्त्रीलाही, ते नाते लग्नासारखे असल्यास, या कायद्याचे संरक्षण मिळते.

ही यादी हातात घेऊन कुठल्याही कौटुंबिक मालिकेचा एक आठवडा पाहावा. आपण ज्याला ‘सासर-माहेरचे नाट्य’ म्हणतो, त्यातला बराच भाग कायद्याच्या भाषेत छळ आहे.

३. रागाच्या भरात एकदाच मारली. तेवढ्याला हिंसाचार म्हणायचे का?

म्हणायचे. २००५ च्या कायद्यात ‘किती वेळा’ अशी अट नाही. शिवाय, दुसऱ्याला जाणूनबुजून दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ (२) खाली गुन्हा आहे, आणि मारणारा नवरा आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही. नवऱ्याच्या व सासरच्या क्रूरतेचे जे स्वतंत्र कलम १९८३ पासून ४९८-अ म्हणून ओळखले जात होते आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ८५ व ८६ या क्रमांकांनी आले आहे, त्याचे निकष मात्र अधिक कडक आहेत. एकाच थपडेवर ते लागेल असे गृहीत धरू नये.

‘एकदाच’ या शब्दाभोवतीच २०२० मध्ये ‘थप्पड’ हा हिंदी चित्रपट आला. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर नवऱ्याने मारलेल्या एका थपडेनंतर त्यातली अमृता घटस्फोटाचा निर्णय घेते, आणि ‘एवढ्याशा कारणासाठी?’ असे तिला जवळपास प्रत्येकजण विचारतो. त्यानंतर मला येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न वाढला. विचारणाऱ्यांत स्त्रियाही तितक्याच होत्या, हे मुद्दाम नोंदवते.

४. थपडेचा प्रसंग चित्रित कसा करतात? आणि त्याच्या मांडणीने खरेच काही फरक पडतो का?

चित्रीकरणात गालाला सहसा हात लागत नाही. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे असतो, हात गालापासून वीतभर अंतरावरून फिरतो, त्याच क्षणी समोरची कलाकार मान झटकते, आणि ‘फाट्’ असा आवाज नंतर ध्वनिसंकलनात भरला जातो. प्रत्यक्ष थपडेचा आवाज इतका खणखणीत नसतो.

फरक पडतो तो संकलनाच्या टेबलावर. तोच क्षण तीन बाजूंनी तीनदा दाखवला जातो. मग चेहऱ्यांची फेरी सुरू होते: सासू, सासरे, दीर, जाऊ, दाराशी ट्रे घेऊन थबकलेली कामवाली मावशी. प्रत्येक चेहऱ्याबरोबर पार्श्वसंगीताचा एक ठोका पडतो आणि ब्रेक येतो. एक सेकंदाच्या घटनेला अशा रीतीने मिनिट-दीड मिनिट मिळते. पण ते कुणाच्या वाट्याला येते ते पाहावे. बहुतेक वेळ आजूबाजूच्यांच्या धक्क्याला जातो, आणि जिला लागले तिचा चेहरा केसांआड, खाली वळलेला राहतो. तिला दुखले आहे, कानात दडा बसला आहे, पुढचे वाक्य तिला ऐकूच आले नसेल, यांपैकी काहीही आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

ब्रेकनंतरची गोष्ट मला अधिक खटकते. रंगभूषाकार गालावर पाच बोटे उमटवतो, आणि पुढच्या दृश्यात, कथेतल्या त्याच संध्याकाळी, गाल पूर्ववत झालेला असतो. साडी बदललेली, केस नीट, देवघरात दिवा लागलेला. खऱ्या घरात सूज दोन दिवस राहते. त्या दोन दिवसांत दूधवाल्यासमोर पदर ओढून जावे लागते आणि ऑफिसात ‘दाराला आपटले’ असे सांगावे लागते. मालिकेला हे दोन दिवस गैरसोयीचे असतात म्हणून ती ते कापून टाकते, आणि थप्पड क्षणात घडून क्षणात संपते असा समज पक्का होतो.

५. मालिकांत बायकोला थप्पड साधारण कोणत्या कारणाने बसते?

कारणे मोजकीच आहेत: सासूला उलट बोलली, न सांगता घराबाहेर गेली, मुलाकडे दुर्लक्ष झाले, चारचौघांत नवऱ्याला खोटे पाडले, किंवा परपुरुषाबरोबर दिसली. शेवटचा संशय बहुधा खलनायिकेने पेरलेला असतो आणि तो खोटा निघतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-पुरुषांना एक प्रश्न विचारला जातो: अमुक कारण असेल तर नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे का? त्यातली सात कारणे मालिकेच्या कारणांशी जवळजवळ जुळतात: न सांगता बाहेर जाणे, घर-मुलांची हेळसांड, वाद घालणे, शरीरसंबंधाला नकार, स्वयंपाक नीट न करणे, चारित्र्याचा संशय, सासरच्यांचा अनादर. पाचव्या सर्वेक्षणात ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी यांपैकी किमान एका कारणासाठी मारणे योग्य ठरवले, आणि स्त्रियांनी सर्वाधिक मान्य केलेले कारण ‘सासरच्यांचा अनादर’ हे होते. मालिकेचे लेखक ही कारणे शून्यातून काढत नाहीत. ती समाजात तयारच आहेत आणि मालिका त्यांना रोज उजाळा देते.

संशय खोटा निघण्याच्या कथानकाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहज नजरेतून सुटते. नायिका निर्दोष होती म्हणून थप्पड चुकीची, असे मालिका सांगते. नवऱ्याचा पश्चात्तापही ‘मी तुझ्यावर संशय घेतला’ एवढ्यापुरताच असतो; ‘मी तुला मारले’ हे वाक्य त्यात क्वचितच येते. संशय खरा निघाला असता, तर मारणे बरोबर ठरले असते का? हा प्रश्न कथानक आपल्याला पडूच देत नाही.

६. मग मालिकेत हिंसा दाखवूच नये का? दाखवणे म्हणजे समर्थन करणे होय का?

दाखवावी. जे घराघरांत घडते ते पडद्यावरून गायब झाले, तर सोसणाऱ्या बाईला आपण एकट्याच असे वाटत राहील. एखादी मालिका कोणत्या बाजूची आहे हे थपडेच्या भागावरून ठरवता येत नाही. ते पुढच्या आठ-दहा भागांवरून ठरते, आणि या साऱ्या प्रश्नोत्तरांत मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

त्या पुढच्या भागांत मी काय पाहते ते सांगते. घरातले पहिले वाक्य कोण उच्चारते, आणि ते ‘त्याने मारले’ असे असते की ‘तिने त्याला इतके चिडवले कशाला’ असे? माफी कोण कुणाची मागते? नवऱ्याचे काही जाते का, म्हणजे नोकरीतली पत, आईचा विश्वास, बायकोशेजारची जागा? की तिच्या गालावरचा वळ आणि त्याच्या डोळ्यांतले पाणी एकाच तराजूत तोलले जातात? आणि मुले कुठे असतात? घरात सात वर्षांचे मूल असताना ते त्या रात्री नेमके मामाकडे पाठवलेले असेल, तर लेखकाने एका अवघड साक्षीदाराला बाजूला केले आहे हे ओळखावे.

७. नायक रागीट आहे, पण तिच्यावर जिवापाड प्रेम करतो. अशा जोडीला हिंसक म्हणणे अन्याय नाही का?

हा प्रश्न विशेषतः तरुण वाचकांकडून येतो. नायक मनगट पिरगाळतो, भिंतीशी अडवून धरतो, तिचा फोन आपटतो, ती कुणाशी बोलली याचा जाब विचारतो, आणि पाठीमागे प्रेमगीताची धून वाजत असते. दृश्याचा आवाज बंद करून ते पुन्हा पाहावे, असे मी सुचवते. धून गेली की उरतो तो एक घाबरलेला चेहरा आणि एक घट्ट आवळलेला हात.

‘हक्काने रागावतो’ हा आपल्याकडचा गोड शब्दप्रयोग आहे, आणि आईवडील, थोरली बहीण, जुने शिक्षक यांच्या बाबतीत त्याला अर्थही आहे. मालिका तोच शब्द नवऱ्याच्या हातापर्यंत नेऊन पोहोचवते. प्रेम खरे असू शकते. मात्र तिला भीती वाटत असेल, तर त्या प्रेमामुळे भीती कमी होत नाही. उलट घर सोडणे तिला अधिक कठीण जाते.

८. नायिका इतके सोसते, मग तिलाच आदर्श का मानतात? लेखकांना तसेच म्हणायचे असते का?

नेहमीच नाही, आणि याचा पुरावा आपल्या दूरचित्रवाणीच्या पहिल्याच मोठ्या मालिकेत आहे. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेचे १५६ भाग झाले आणि भागाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलत असत. करमणुकीतून समाजशिक्षण करायचे, हा तिचा उघड हेतू होता. तिच्यातली भागवंती ही दारुड्या बसेसर रामची बायको. नवऱ्याचे आणि सासूचे सारे निमूट सोसणारी ही बाई ‘असे जगू नये’ याचे उदाहरण म्हणून योजली होती. मात्र मालिकेच्या परिणामांचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले, की कित्येक प्रेक्षकांना, त्यांत स्त्रियांनाही, भागवंतीच अनुकरणीय वाटली होती. अशोक कुमारांनी समजावूनही ते घडले.

याचे कारण आपल्याला परके नाही. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. नाटक दारूच्या विरोधातले, तरी प्रेक्षकांच्या मनात शंभर वर्षे घर करून राहिली ती नवऱ्यापायी सर्वस्व गमावूनही त्याच्याशी एकनिष्ठ राहणारी सिंधू. सोसणाऱ्या स्त्रीला आपल्या परंपरेत इतके तेज दिलेले आहे, की लेखकाने तिला इशारा म्हणून उभे केले तरी प्रेक्षक तिच्यापुढे हात जोडतो. म्हणून ‘आम्ही तर सोसण्याच्या विरोधात दाखवतो’ एवढे म्हणून मालिकेची जबाबदारी संपत नाही. तिच्या सोसण्याला संगीत, प्रकाश आणि भरपूर वेळ मिळत असेल, तर संवाद काहीही म्हणोत, प्रेक्षक तेजच लक्षात ठेवतो.

९. आमच्या आवडत्या मालिकेत नवरा कधीच हात उगारत नाही, फक्त टाकून बोलतो. त्यावर आक्षेप कशाला?

छळाच्या कायदेशीर व्याप्तीसाठी प्रश्न २ पाहावा. येथे एवढेच म्हणते, की हा भाग मराठी मालिकांनी थपडेपेक्षा चांगला हाताळला आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘आई कुठे काय करते’ या मालिकेने अरुंधतीला घरात पदोपदी गृहीत धरणे आणि कमी लेखणे हाच कथेचा विषय केला, आणि शीर्षकातच घराघरांत ऐकू येणारा प्रश्न ठेवला. ती मालिका पाहून ‘हे तर आमच्याकडे रोजचेच’ अशी पत्रे मला ज्यांनी लिहिली, त्यांत साठी ओलांडलेल्या बायका बऱ्याच होत्या.

१०. बायकोने नवऱ्याला थप्पड मारली तर टाळ्या वाजतात. हा दुटप्पीपणा नाही का?

काही वेळा आहे, आणि तसे स्पष्ट म्हणायला हवे. विनोदी मालिकांत लाटणे घेऊन धावणारी बायको आणि पलंगाखाली लपणारा नवरा हा जुना विनोद आहे. त्यात मार खाणारा पुरुष हास्यास्पद ठरतो, आणि खऱ्या घरात मार खाणारा पुरुष त्यामुळेच कुणाला सांगू धजत नाही. २००५ च्या कायद्याखाली दाद फक्त स्त्रीला मागता येते. नवऱ्याला प्रश्न ३ मध्ये सांगितलेले दुखापतीचे कलम वापरता येते, आणि हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे पती-पत्नी दोघांनाही उपलब्ध असलेले घटस्फोटाचे कारण आहे.

तरीही दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. बऱ्याच मालिकांत नायिकेची थप्पड शंभर-दीडशे भागांच्या छळानंतर, बहुधा स्वतःला सोडवताना येते. टाळ्या त्या सुटकेला असतात. माझा आक्षेप वेगळा आहे: त्या एका थपडेने हिशेब पुरा झाला असे मालिका मानते, आणि दुसऱ्या दिवसापासून तीच सून त्याच घरात, त्याच माणसाला वाढायला उभी राहते.

११. थप्पड सासू मारत असेल तर?

तीही कौटुंबिक हिंसाच आहे. पूर्वी कायद्यातल्या ‘प्रौढ पुरुष’ या शब्दांमुळे स्त्रीविरुद्ध अर्ज करण्यात अडचण येत असे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे शब्द घटनाबाह्य ठरवून काढून टाकले.

१२. मालिका पाहून लोक मारायला शिकतात, हे कुठे सिद्ध झाले आहे का? की मालिकांनी चांगलेही घडते?

एक थप्पड पाहिली म्हणून एक थप्पड मारली, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. उलट दिशेचा एक महत्त्वाचा अभ्यास मात्र भारतातलाच आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळातील माहिती अभ्यासली. त्यांत बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि गोवा यांचा समावेश होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गावांत केबल नव्याने पोहोचली तेथे ‘नवऱ्याने मारणे योग्य’ असे म्हणणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कमी झाले आणि मुलग्याचा हट्टही सैल झाला. सासू-सुनांच्या मालिका जोरात असण्याचाच तो काळ. शहरातल्या, बाहेर पडणाऱ्या, स्वतः निर्णय घेणाऱ्या स्त्रिया रोज दिसू लागल्याचा हा परिणाम असावा, असे मानले जाते. ही घट मतांतली आहे, प्रत्यक्ष मारहाणीतली नव्हे, हे विसरू नये.

ठरवून केलेल्या प्रयत्नाचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले आहे. तेथील ‘सोल सिटी’ या मालिकेच्या १९९९ मधील चौथ्या पर्वात, गावात मान असलेला एक शिक्षक घरी बायकोला मारत असतो. शेजाऱ्यांना ऐकू येत असते आणि सारे गप्प असतात. अखेर एका रात्री शेजारी घरातली पातेली आणि झाकणे घेऊन त्याच्या दाराबाहेर जमतात आणि एकही शब्द न बोलता ती बडवू लागतात. पुढे प्रत्यक्ष वस्त्यांमध्येही लोकांनी असे केल्याच्या नोंदी झाल्या. मालिकेबरोबर मदतीचा दूरध्वनी क्रमांक होता, स्त्री-संघटनांचे जाळे होते आणि नवा कायदा अमलात यावा म्हणून चाललेली मोहीमही होती. केवळ एका दृश्याची ही किमया नव्हे.

आपल्याकडे २००८ मध्ये आलेल्या ‘बेल बजाओ’ या जाहिरातींचा धागा हाच होता. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो, आणि कुणी दूध मागण्याच्या, कुणी चेंडू मागण्याच्या निमित्ताने बेल वाजवतो. ‘भांड्याला भांडे लागणारच’ असे म्हणून दार लावून घेणाऱ्या शेजाऱ्यासाठी त्या जाहिराती होत्या. आपल्या मालिकांत शेजारी बहुधा फक्त हळदीकुंकवाला येतात, याची मला फार खंत वाटते.

१३. मालिकेत दाखवतात ती पोलीस-कोर्टाची प्रक्रिया खरी असते का?

क्वचित. सर्वांत मोठी चूक उंबरठ्याच्या दृश्यात होते. नवरा ‘चालती हो’ म्हणतो, विजा चमकतात, नायिका एक बॅग घेऊन पावसात बाहेर पडते आणि दार आपटते. २००५ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, घर कुणाच्याही नावावर असले तरी, ज्या घरात ती संसार करत होती तेथे राहण्याचा तिला हक्क आहे, आणि दंडाधिकारी तसा निवासाचा आदेश देऊ शकतात. घराबाहेर काढण्याचे दृश्य आजवर किती मालिकांत आले असेल याची गणती नाही. परंतु दुसऱ्या दिवशी तिला कुणी ‘तुला तिथे राहायचा हक्क आहे’ असे सांगितल्याचे दृश्य मला तरी आठवत नाही.

दुसरी गोष्ट, पीडित स्त्रीच्या मदतीसाठी याच कायद्याखाली नेमले जाणारे संरक्षण अधिकारी हे पद मालिकांच्या जगात अस्तित्वातच नाही. प्रत्यक्षात स्त्री त्यांच्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. व्यवहारात याहून बराच वेळ लागतो. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. महाराष्ट्रात यापलीकडचीही व्यवस्था आहे. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे तो राज्यभर पसरला. पोलिसांच्या आवारात बसणारी समाजकार्यकर्ती ही व्यक्तिरेखा कुठल्याही लेखकाला तयार मिळण्यासारखी आहे.

मालिकांना त्याऐवजी चमत्कार आवडतो. २००० ते २००८ या काळात चाललेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये नवऱ्याने बायकोवर केलेल्या बलात्काराचा विषय आला. त्या काळाच्या मानाने ते मोठे धाडस होते, आणि मालिकेची नायिका तुलसी स्वतःच्या मुलाविरुद्ध सुनेच्या बाजूने उभी राहिली हे आजही कौतुकास्पद वाटते. शेवट मात्र तुलसीने मुलाला गोळी घालण्यात झाला. सज्ञान पत्नीवरील बलात्कार हा आजही न्याय संहितेत बलात्कार ठरत नाही. कलम ६३ मध्ये तो अपवाद कायम आहे. देवीच्या अवतारात सुटणारा प्रश्न कायद्यात तसाच पडून राहतो.

१४. एखादा प्रसंग फारच आक्षेपार्ह वाटला, तर तक्रार कुठे करायची?

मालिकांना चित्रपटांसारखे आधी सेन्सॉर प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ यांतील नियम ६ हा कार्यक्रमसंहितेचा नियम आहे, आणि स्त्रीची अप्रतिष्ठा करणाऱ्या चित्रणाला त्यात मनाई आहे. २०२१ च्या दुरुस्तीपासून तक्रारीच्या तीन पायऱ्या आहेत. आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करावी; तिने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान न झाल्यास पंधरा दिवसांत स्वयंनियमन मंडळाकडे जाता येते. करमणूक वाहिन्यांसाठी असे मंडळ २०११ पासून काम करत असून त्याच्या अध्यक्षपदी निवृत्त न्यायमूर्ती असतात. त्यानंतर केंद्र सरकारची समिती. वेबमालिकांसाठी २०२१ चे वेगळे नियम आहेत आणि त्यांत वयोगटानुसार वर्गवारी बंधनकारक आहे.

तक्रारीत वाहिनी, मालिका, तारीख आणि वेळ लिहावी, प्रसंग दोन-तीन वाक्यांत सांगावा, आणि थपडेनंतरच्या भागांत काय दाखवले तेही जोडावे (प्रश्न ६). ‘संस्कृतीचा ऱ्हास होत आहे’ अशा वाक्यांनी तक्रार दुबळी होते.

१५. असे प्रसंग लागले की आई गप्प होते आणि उठून जाते. मी काय करू?

माझी आत्या अशीच उठून जायची. ‘गॅसवर दूध ठेवलंय’ म्हणायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन बघावे तर गॅस बंद असायचा, ती ओट्याला टेकून उभी असायची. आम्हा मुलांना तिला मालिका आवडत नाही एवढेच वाटत असे. बऱ्याच वर्षांनी कळले.

टीव्ही बंद करून लगेच चौकशी सुरू करू नये. तिच्यामागे जावे, सोबत उभे राहावे, आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी त्या पात्राबद्दल बोलावे: ‘तिने कुणाला सांगायला हवं होतं, तुला काय वाटतं?’ पात्राबद्दल बोलणे स्वतःबद्दल बोलण्यापेक्षा सोपे असते, आणि मालिकांचा हा उपयोग मी फार मोलाचा मानते. ती बोललीच, तर ‘मग तू इतकी वर्षं का राहिलीस’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नये. आजही मारहाण चालू असेल, तर १८१ हा महिला मदतक्रमांक आणि तातडीच्या वेळी ११२ हे तिच्या फोनमध्ये, हवे तर दुसऱ्या कुणाच्या नावाने, साठवून द्यावेत.

१६. मी मालिका लिहितो. वाहिनी म्हणते, थप्पड हवी आणि आठवड्याच्या आत समेट हवा. माझ्या हातात काय उरते?

आपल्यासारख्या लेखकांची पत्रे कमी येतात, म्हणून उत्तर सविस्तर देते. थप्पड टाळता येणार नसेल, तर ती एकदाच, एकाच बाजूने, पार्श्वसंगीताशिवाय लिहावी. तसा शेरा संहितेत देता येतो. चेहऱ्यांच्या फेरीऐवजी कॅमेरा तिच्यावर ठेवायला सांगावे. समेट हवाच असेल, तर माफीच्या वाक्यात ‘मी मारलं’ हे क्रियापद असावे. ‘जे झालं ते झालं’ असे कर्ता नसलेले वाक्य तेथे चालवू नये. ती माफ करते की नाही हे त्या भागात न सांगण्याची मुभा आपल्याला आहे. प्रेक्षक थांबतील, ते याहून क्षुल्लक गोष्टींसाठी आठवडेच्या आठवडे थांबतात.

आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहावी. बाविसेक मिनिटांच्या भागात तिला दोन मिनिटे पुरतात. तो चहाचा कप उचलायला हात पुढे करतो आणि ती, काही विचार करण्याआधीच, मान मागे घेते. त्याला ते दिसते. शाळेचा डबा घ्यायला दारात आलेल्या मुलीलाही दिसते.